आता पोरीला झोपू द्या

दारव्हा तालुक्यातल्या एका शेतकरी भावाचं पत्र आहे. आठ महिन्यांपूर्वी खासगी दवाखान्यात त्यांचं हर्नियाचं साधं ऑपरेशन झालं आणि दुसऱ्या दिवशी सुट्टीही मिळाली. घरी आल्यावर पोट फुगलं. आतड्याला छिद्र पडलं होतं, पोटात पू झाला, जंतुसंसर्ग रक्तात पसरला. नागपूरला पोट पुन्हा उघडावं लागलं, व्हेंटिलेटरवर राहावं लागलं. आता जखम भरलीय, पण छाती धडधडते, एकट्यानं शेतात जाववत नाही. पहिल्या डॉक्टरवर केस करू का आणि ही भीती कधी जाईल, असं ते विचारतात.

भाऊ,

केसचं आधी सांगते. दोन्ही दवाखान्यांकडे लेखी अर्ज करून केसपेपर आणि ऑपरेशनच्या नोंदी मागा. अर्ज दिल्यापासून ७२ तासांत कागद देणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. पैसे भरून उपचार घेतलेत, म्हणून ग्राहक आयोगाकडे जाता येतं. त्याची मुदत दोन वर्षांची. कागद आधी दुसऱ्या सर्जनला दाखवा, मग वकिलाला. भीतीचं म्हणाल, तर आयसीयूतून परत आलेल्या पुष्कळांना महिनोन्‌महिने धडधड, वाईट स्वप्नं, अंगात कमजोरी राहते. तुम्ही भित्रे झालेले नाही. १४४१६ हा मनाच्या त्रासासाठीचा सरकारी फोन आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. बोला. आणि बरं वाटलं म्हणून युरियाचं ४५ किलोचं पोतं उचलायला जाऊ नका. दोनदा उघडलेलं पोट आहे ते.

पण मला बोलायचंय ते तुमच्या शेवटच्या पानाबद्दल. तिथं तुम्ही कौतुकानं लिहिलंय, "लेक मोठी गुणाची हाय. रातच्याला दोन-तीनदा उठून माह्या नाकापाशी बोट धरून पायते. यंदा बारावीचे पेपरबी देल्ले नाही तिनं." आणि लगेच पुढच्या ओळीत कापसाचा भाव.

भाऊ, त्या दोन वाक्यांवरून तुम्ही असे कसे पुढे गेलात?

तुम्हीच वर लिहिलंय की पोट फुगलेलं पहिल्यांदा तिला दिसलं. ती म्हणाली, बाबा, दवाखान्यात चला. तुम्ही म्हणालात, गॅस असंल, नीज, सकाळी पाहू. ती निजली. सकाळी तुम्ही शुद्धीवर नव्हता. सतरा वर्षांच्या पोरीनं त्या रात्रीतून काय घेतलं असेल? आपण झोपलो की बाप मरतो, एवढंच. तेव्हापासून ती झोपलेली नाही. तुम्ही वाचलात, पण पोरीची ती रात्र अजून सरलेली नाही. आणि येणारा-जाणारा तिच्या देखत म्हणतो, लेकीनं वाचवलं गड्या तुले! तुम्हीही मान डोलावता. तिच्या डोक्यावरचं ओझं त्यानं वाढतंच. याला सेवा म्हणू नका. ती घाबरलेली आहे, आणि तुम्हाला ती उशाशी हवी आहे म्हणून तुम्ही गप्प आहात. मला याचा राग आला, तो लपवत नाही. तुमच्यावर जे बेतलं ते कुणावर बेतू नये, पण त्याची किंमत तिनं का भरायची?

आज रात्री तिला समोर बसवा आणि स्पष्ट सांगा: "त्या रात्री तू बरोबर होतीस, मी ऐकलं नाही. चूक माझी. तू झोपलीस म्हणून काही झालं नाही." हे तुम्हीच बोलायचं, तिच्या आईकडून निरोप नको. आठ महिन्यांनी नाकाशी बोट धरून काही कळत नाही, हेही समजावा. खरा धोका आला तर दिसतो: थंडी वाजून ताप, धाप, पोट दगडासारखं कडक, उलट्या, असंबद्ध बडबड. तसं काही झालं तर रात्री बारा वाजताही तुम्हीच बायकोला उठवायचं आणि १०८ ला फोन लावायला सांगायचा. सकाळी पाहू, हा शब्द घरातून काढून टाका. आजपासून तिचं अंथरूण वेगळ्या खोलीत.

आणि सोमवारी तिला घेऊन एसटीनं तिच्या कॉलेजात जा. फॉर्म भरून पेपरला बसली नसेल तर तिथूनच पुन्हा फॉर्म भरता येतो. फॉर्मच भरला नसेल तर खाजगी विद्यार्थी म्हणून १७ नंबरचा फॉर्म असतो; तुमच्याकडे अमरावती बोर्ड. दहावीची मार्कशीट, शाळा सोडल्याचा दाखला, आधार कार्ड सोबत ठेवा, तारखा ऑफिसात विचारा. काम झालं की तिला तिच्या मैत्रिणींपाशी सोडा, गेलेला अभ्यास मागू द्या, आणि परतीच्या गाडीत एकटे बसा. वाटेत छाती धडधडली तर कंडक्टरजवळच्या सीटवर बसा, पाणी प्या, खिडकी उघडा. तिला मात्र फोन करू नका.