साऊथ ऑस्ट्रेलियाचं नॉमिनेशन (राज्याची शिफारस) घेऊन १९० व्हिसा, म्हणजे त्या शिफारशीवर मिळणारा पीआर (कायमचं वास्तव्य), मिळाला आणि लगेच दुसऱ्या राज्यात, मेलबर्नला राहायला गेलो, तर चालतं का?

तुम्ही लिहिलंय: सिव्हिल इंजिनिअर, वय ३२, व्हिसाच्या गुणपद्धतीत नॉमिनेशन धरून ८५ गुण, राज्य कोणतं धरावं, आणि पीआर हातात पडल्यावर मेलबर्नच्या मित्रांकडे जाता येईल का? शेवटच्या प्रश्नावर आधी बोलतो, कारण त्यावरून माझं आणि माझ्या दाजींचं वर्षानुवर्षं वाजत आलंय.

जायचं मनात धरून अर्ज करू नका. नॉमिनेशन मागताना तुम्ही राज्याला लिहून देता की किमान दोन वर्षं इथेच राहीन, इथेच काम करीन. राज्यांना वर्षाला ठरावीक जागा मिळतात, त्यातली एक ते तुमच्या शब्दावर तुम्हाला देतात. आज बहुतेक राज्यं तिथे आधीपासून राहणाऱ्यांना झुकतं माप देतात आणि भारतातून अर्ज करणारा ताटकळतो. मला विचाराल तर याला नॉमिनेशन घेऊन निघून जाणारी आपलीच माणसं बऱ्याच अंशी जबाबदार आहेत.

दाजींचं म्हणणं सरळ होतं. "सही करून टाक, कोण बघायला येतंय? बॅगा थेट आमच्याकडे आण." ताई-दाजी मेलबर्नला स्थिरावलेले, वरची खोली रिकामी, गणपतीला शंभर मराठी माणसं जमणार. मी मात्र नॉमिनेशन दिलेल्या साऊथ ऑस्ट्रेलियाच्या राजधानीत, ॲडलेडला उतरलो, तिथे ओळखीचं कुणी नव्हतं. पहिले काही महिने वाईट गेले, हे लपवत नाही. ज्याला त्याला 'लोकल एक्स्पीरियन्स' हवा. मी रात्रपाळीला गोदामात खोकी उचलत होतो आणि दर रविवारी दाजींचा फोन यायचा: "बघ, मी सांगत होतो."

आम्ही भाड्याने घेतलेल्या घराच्या विटांच्या भिंतीत पायऱ्या-पायऱ्यांसारखी तिरकी चीर होती. उन्हाळ्यात ती रुंदावायची, पावसाळ्यात मिटायची, आणि तेव्हा न्हाणीघराचं दार अडकायचं. मी सांगलीचा. अशा चिरा बघत लहानाचा मोठा झालोय. काळी जमीन मे महिन्यात हात जाईल एवढी भेगाळते, पाऊस पडला की फुगते आणि वरचं घर उचलते. सांगलीत मी अशाच जमिनीवरच्या घरांच्या पायाचं काम करत होतो, अंडर-रीम्ड पाइल (खाली फुगीर केलेले पायाचे खांब) वगैरे. ॲडलेडच्या खाली तसलीच फुगणारी चिकणमाती आहे. फरक इतकाच की इथे पाऊस हिवाळ्यात पडतो. इथे साध्या बैठ्या घरालाही आधी मातीचा रिपोर्ट लागतो. एएस २८७० या मानकाप्रमाणे जमिनीचा वर्ग ठरतो, आणि पृष्ठभाग ७५ मिलिमीटरच्या वर हलेल असं दिसलं तर तो 'ई', म्हणजे सगळ्यात वाईट. मग त्याप्रमाणे स्लॅबखालचे बीम खोल घ्यायचे. भिंतीलगत मोठं नीलगिरीचं झाड असेल तर तेही हिशोबात धरायचं, कारण मुळं पाणी ओढतात आणि त्या कोपऱ्यातली माती आकसते. आपल्याकडे बांधावरच्या नीलगिरीबद्दल शेतकरी हेच सांगतात.

घरांच्या फुटिंगचीच (पायाचीच) डिझाइन करणाऱ्या एका लहान कन्सल्टन्सीत मी सीव्ही घेऊन गेलो आणि मोठमोठ्या प्रोजेक्टांची यादी बाजूला ठेवून सांगलीच्या मातीबद्दल बोललो. मालकाने कागद ओढून जमिनीचा छेद काढायला सांगितला. बोलणं संपलं तेव्हा दुपार टळली होती. ड्राफ्टिंगपासून सुरुवात दिली, पगार कमी होता. आज त्याच क्षेत्रात माझ्या सहीने डिझाइन बाहेर पडतात.

दाजी म्हणतात, नशीब. मी म्हणतो, राज्य नातेवाईक बघून निवडायचं नसतं, तिथे आपल्या कामाला काय मोल आहे ते बघून निवडायचं. खाणीतलं काम येत असेल तर पर्थ बघा. तुमच्या नॉमिनेटेड व्यवसायाच्या जाहिराती कोणत्या शहरात पडतात, हे महिनाभर रोज तपासा. राज्यांचे निकष जुलैपासूनच्या नव्या वर्षात बदलतात, त्यामुळे मित्राला मागे काय मिळालं यावर जाऊ नका. (मेलबर्नच्या पश्चिमेलाही बेसाल्टवरची फुगणारी माती आहे, हे दाजी मला दर वेळी ऐकवतात. खरं आहे. तरी मी दिलेला शब्द ॲडलेडला दिला होता.)

आता कायद्याचं. १९० च्या मंजुरीपत्रात त्या राज्यातच राहा अशी व्हिसाची अट छापलेली नसते, बांधिलकी राज्याशी असते. मनापासून प्रयत्न करूनही काम मिळालंच नाही आणि घरात लहान मूल असेल, तर राज्याला लेखी कळवून दुसरीकडे जा. त्याला मी शब्द मोडणं म्हणणार नाही. नॉमिनेशनवरचा दुसरा व्हिसा, ४९१, वेगळा: त्यात नॉमिनेशनचे १५ गुण मिळतात, पण व्हिसा पाच वर्षांचा तात्पुरता असतो आणि सरकारने 'रीजनल' ठरवलेल्या भागात राहणं ही त्याची खरीखुरी अट आहे. ॲडलेड त्यात येतं, मेलबर्न येत नाही.

सीडीआर, म्हणजे इंजिनिअरांची पात्रता तपासणाऱ्या एंजिनिअर्स ऑस्ट्रेलिया या संस्थेला द्यायचा आपल्या कामाचा अहवाल, स्वतः लिहा. पुण्यातल्या एका एजंटने मला त्यात लागणारे तीन करिअर एपिसोड (आपल्या कामांची वर्णनं) तयार विकायला काढले होते, आणि तेच दुसऱ्या कुणाला विकले नसतील याची खात्री कोण देणार? एंजिनिअर्स ऑस्ट्रेलियाला नक्कल सापडली तर अर्ज फेटाळून वर बंदी घालतात.

आणि वाढदिवस कधी ते तुम्ही लिहिलेलं नाही. वयाचे गुण व्हिसासाठी अर्ज करायचं निमंत्रण येतं त्या दिवशी मोजतात. ३३ पूर्ण झाली की ३० चे २५ होतात. भारतातला अनुभव त्याच सुमारास आठ वर्षांचा होत असेल तर तिथे १० चे १५ होऊन ते भरून निघेल, म्हणून पदवीसोबत अनुभवही एंजिनिअर्स ऑस्ट्रेलियाकडून आत्ताच तपासून घ्या.