हादग्यातला हत्ती कुठून आला?

प्रश्न असा आला आहे: "बडोद्यातल्या आमच्या मंडळाने भोंडल्याच्या निमंत्रणपत्रिकेवर 'मराठी गरबा' असे छापले आहे. हा शब्दप्रयोग बरोबर आहे का? आणि भोंडल्याला हादगा म्हणतात, ते हदग्याच्या झाडावरून का?"

पहिल्या भागाचे उत्तर एका शब्दात देतो: नाही. गेली काही वर्षे दांडिया बाजारापासून रावपुऱ्यापर्यंत हा 'मराठी गरबा' मी इतक्या वेळा ऐकला आहे की आता तो छापून आलेला पाहून स्वस्थ बसवत नाही. बायका-मुली फेर धरतात, गाणी म्हणतात, दिवस नवरात्राचे असतात, एवढ्या साम्यावर एका खेळाचे नाव दुसऱ्याला देता येत नाही. गुजराती माणूस 'गरबो' म्हणतो तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे आधी ते मातीचे, भोके पाडलेले आणि आत दिवा ठेवलेले भांडे असते. 'गर्भदीप' या शब्दातून ते नाव आले आणि भांड्याभोवतीच्या फेराला मग तेच नाव मिळाले. आमच्या मध्यभागी दिवा नाही, पाटावर काढलेला हत्ती आहे. ज्याच्या मध्यभागी गरबोच नाही, त्याला गरबा कसे म्हणावे?

फेराच्या गाण्यांची नावे कशावरून पडतात हे पाहणे फार आनंदाचे आहे. नाताळात चर्चमध्ये उभे राहून म्हणतात ते 'कॅरल' मुळात गाणे नव्हतेच. जुन्या फ्रेंचमधले 'कॅरोल' म्हणजे हात धरून, गात गात केलेला फेर. पुढे फेर सुटला, गाणे उरले आणि नाव गाण्याला चिकटले. म्हणजे कॅरलला नाव दिले फेराने आणि गरब्याला मध्यावरच्या दिव्याने. हादग्याला ते दिले आभाळाने, असे माझे ठाम मत आहे.

सूर्य साधारण २७ सप्टेंबरच्या सुमारास हस्त नक्षत्रात येतो. हस्त म्हणजे हात. या नक्षत्राच्या पाच तारका म्हणजे पाच बोटे, अशी कल्पना आहे. संस्कृत 'हस्त'चे प्राकृतात 'हत्थ' झाले आणि मराठीने शेवटचा महाप्राण टाकून 'हात' केला. 'हस्तक'चे 'हत्थग', त्याचे 'हातगा' आणि त्याचा 'हादगा'. 'त'चा 'द' कसा झाला असे विचारणाऱ्याने 'हातगाडी' हा शब्द भरभर चार वेळा म्हणून पाहावा. चौथ्या वेळेस तोंडातून 'हाद्गाडी' निघते. पुढचा 'ग' मागच्या 'त'ला आपल्याकडे ओढतो. जगत् आणि गुरू मिळून 'जगद्गुरू' होतो तो याच ओढीने.

मग हत्ती कुठून आला? मला सर्वांत आवडणारी गोष्ट ही आहे. संस्कृतात हत्ती म्हणजे 'हस्तिन्', हात असलेला. सोंड हा त्याचा हात. ऋग्वेदात 'मृग' हा शब्द कोणत्याही वन्य पशूला लागतो आणि 'हस्तिन्' हे त्याचे विशेषण होते, म्हणजे हाताचा पशू. 'कर' म्हणजे हात, म्हणून हत्तीला 'करी' असेही नाव आहे. हस्त आणि हस्ती हे असे सख्खे शब्द आहेत, त्यामुळे खेड्यातल्या माणसाने हस्ताच्या पावसाला 'हत्तीचा पाऊस' म्हटले यात नवल नाही. हे फक्त मराठीत घडले असते तर मी इतक्या जोराने बोललो नसतो. बिहारमध्ये आणि पूर्व उत्तर प्रदेशात शेतकरी याच नक्षत्राला 'हथिया' म्हणतात. दोन दूरच्या भाषांनी आभाळातल्या हाताचा हत्तीच केला, आणि आमच्या मुलींनी तो पाटावर उतरवून घेतला.

गेल्या वर्षी शेजारच्या वाड्यात एक दहा वर्षांची मुलगी तांदळाने हत्ती काढत होती. सोंड संपली तिथे तिने पाच दाणे फाकवून ठेवले. का ते विचारले तेव्हा म्हणाली, "त्याने फूल धरलंय ना, काका, मग बोटं नकोत का?" माझी सगळी व्युत्पत्ती तिने पाच दाण्यांत मांडली होती.

हादगा झाडावरून आला असे सांगणाऱ्यांशी माझे जमत नाही. हदग्याचे झाड, म्हणजे अगस्ता, मला प्रिय आहे आणि त्याच्या फुलांची भजी त्याहून प्रिय आहेत. पण खेळाचे नाव झाडाचे असते तर फेराच्या मध्यभागी झाडाची फांदी असती. भिंतीवर लावायच्या हादग्याच्या कागदावर समोरासमोर दोन हत्ती कशाला छापले असते? हे हत्ती गजलक्ष्मीचे आहेत असेही काही जाणकार सांगतात. असतील, पण गजलक्ष्मी बारा महिने असते, तिला याच पंधरवड्याची वाट पाहावी लागत नाही. सूर्य हस्तात तेरा-चौदा दिवसच राहतो, मग हादगा सोळा दिवसांचा कसा, हा आक्षेप मात्र विचार करण्याजोगा आहे. त्याचे उत्तर असे की सोळा हा आपल्या व्रतांचा लाडका आकडा आहे: सोळा सोमवार, सोळा उपचार. पहिल्या गाण्यातही 'भोंडल्या तुझी सोळा वर्षे' असे येते. त्याच गाण्यात 'पड पड पावसा थेंबोथेंबी, थेंबोथेंबी आडव्या लोंबी' आहे; दाण्याने भरून आडव्या झालेल्या लोंब्या आणि हस्ताचा पाऊस यांहून स्पष्ट साक्ष कोणती हवी?

'भोंडला' हा 'भूमंडल'चा अपभ्रंश आहे हे मत मला मुळीच पटत नाही. मुलींच्या गाण्यांना भारदस्त अर्थ चिकटवण्याची हौस जगभर आहे. 'रिंग अ रिंग ओ रोझेस' हे इंग्रजी फेराचे गाणे १६६५ च्या लंडनच्या प्लेगबद्दल आहे असे शाळाशाळांतून सांगितले जाते. आयोना आणि पीटर ओपी या अभ्यासक दांपत्याने ते सरळ नाकारले, कारण हे गाणे इंग्लंडमध्ये छापलेले मिळते ते १८८१ साली आणि प्लेगचा अर्थ तर दुसऱ्या महायुद्धानंतर रूढ झाला. भूमंडलाचे मला असेच वाटते: अर्थ भव्य आहे, पण गाण्यांमध्ये त्याचा मागमूस नाही. तिथे आहेत सासर, माहेर, आड, कारल्याचा वेल आणि पाऊस.

विदर्भ-खानदेशातली भुलाबाई भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत चालते आणि तिच्यात शंकर-पार्वतीची जोडी असते. तिला हादग्यात मिसळू नये.

पत्रिका पुन्हा छापणार असाल तर त्यावर 'भोंडला' एवढेच छापा. गुजराती शेजारणींना कळणार नाही अशी भीती बाळगू नका. आमच्या शेजारच्या बेन पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांनी फेरात पाय टाकण्याआधीच विचारले होते, "वच्चे हाथी केम?" म्हणजे, मध्ये हत्ती कशाला?