एप्सिलॉन-डेल्टाच्या सिद्धतेत डेल्टा एकदम कुठून येतो?

तो आधी कच्च्या कागदावर शोधलेला असतो. बरीच पुस्तकं तो कागद दाखवत नाहीत, हे खरंच चुकतं. समजा, क्ष² हे फंक्शन ३ पाशी कंटिन्युअस (सलग) आहे असं दाखवायचंय. म्हणजे एप्सिलॉन हा धन आकडा कितीही लहान दिला, तरी असा धन डेल्टा सापडायला हवा की क्ष आणि ३ मधलं अंतर डेल्टापेक्षा कमी असलं की क्ष² आणि ९ मधलं अंतर एप्सिलॉनपेक्षा कमी राहील. कच्च्या कामात उलटं चला: |क्ष² − ९| = |क्ष − ३| × |क्ष + ३|. दुसरा गुणक हाताबाहेर जाऊ नये म्हणून डेल्टा १ पेक्षा मोठा घ्यायचा नाही असं ठरवा. मग क्ष २ ते ४ च्या मध्येच राहतो आणि |क्ष + ३| < ७. आता |क्ष − ३| < एप्सिलॉन/७ असेल तर गुणाकार एप्सिलॉनपेक्षा कमी राहतो. म्हणजे डेल्टा = १ आणि एप्सिलॉन/७ यांतला लहान आकडा.

पक्की सिद्धता मात्र ‘एप्सिलॉन > ० दिलेला आहे’ इथून सुलट लिहा. मार्क हमखास जातात ते डेल्टा = एप्सिलॉन/|क्ष + ३| असं लिहिल्यावर. डेल्टा क्षच्या आधी ठरतो, त्यामुळे त्यात क्ष येऊच शकत नाही.