पी वी रसेलची क्लॅरिनेट बेसूर का वाटते?

तुम्ही विचारलंय की बेनी गुडमन या जॅझ वादकामुळे क्लॅरिनेटच्या प्रेमात पडलो, मग कोणीतरी दुसरा जॅझ क्लॅरिनेटवादक, पी वी रसेल, ऐकायला सांगितला; पण हा तर अडखळतो, खरखरतो, सूर सोडतो, मग याला थोर का म्हणतात?

तुमचे कान ठीक आहेत. खरखर आहे आणि अडखळणंही आहे. मीसुद्धा पहिल्यांदा दोन मिनिटांत बंद केलं होतं. त्याच्यात गुडमन शोधत होतो, तिथेच फसलो.

आधी वाद्याचं थोडं. बासरी जोरात फुंकली की त्याच बोटांवर वरचा सा लागतो. क्लॅरिनेटवर मात्र वरच्या सप्तकातला पंचम लागतो. त्यामुळे या वाद्याला जणू दोन मजले आहेत: खालचा गडद, लाकडी आवाजाचा आणि वरचा लख्ख. मधल्या जिन्यातले काही सूर दबके. गुडमनची तयारी अशी, की जिना कधी ओलांडला ते कळतही नाही. रसेल तो लपवायच्या फंदात पडत नाही. खाली घोगरं पुटपुटतो, एखादा सूर श्वासासकट सोडून देतो, मग एकदम वर जाऊन किंचाळतो आणि तिथून घसरत परत येतो. मींडेची सवय असलेल्या आपल्या कानांना हे घसरणं खरं तर परकं वाटू नये. आणि बेसूर वाटणाऱ्या त्याच्या बऱ्याच जागा चुकलेल्या नसतात. कॉर्डमधला (एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या गुच्छातला) आपण धरूनच न चाललेला सूर तो उचलतो, म्हणून आपण दचकतो.

रसेलचा जन्म 1906 चा, अमेरिकेतल्या मिसुरीतला. नाव चार्ल्स एल्सवर्थ रसेल. ‘पी वी’ म्हणजे पिटुकला, आणि माणूस चांगला उंच, किडकिडीत! तरुणपणी सेंट लुईसला कॉर्नेटवादक बिक्स बायडरबेकबरोबर वाजवलं, मग न्यूयॉर्क. पुढे वर्षानुवर्षं गिटारवादक एडी काँडनच्या मंडळींबरोबर तिथल्याच ग्रीनिच व्हिलेज भागातल्या ‘निक्स’ या क्लबमध्ये. तिथे लोक त्याच्या वाजवतानाच्या वेड्यावाकड्या चेहऱ्यावर हसायचे. मला वाटतं, त्याचं सगळ्यात मोठं नुकसान या विदूषकाच्या शिक्क्याने केलं. दारूने शरीराचं केलं ते वेगळंच. 1951 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या रुग्णालयात तो मरणाच्या दारात होता. लुई आर्मस्ट्राँग आणि जॅक टीगार्डन हे नामांकित जॅझ वादक भेटायला गेले होते. त्यातून तो उठला.

उठला तो वेगळ्याच वाटेने चालू लागला. वयाच्या पंचावन्नाव्या वर्षानंतर, पियानोशिवायच्या चौकडीत, कोल्ट्रेन आणि मंक या पुढच्या पिढीतल्या जॅझ संगीतकारांच्या रचना! 1963 मध्ये न्यूपोर्टच्या जॅझ महोत्सवात तर साक्षात थेलोनिअस मंकच्या संचाबरोबर उभा राहिला. दोघांचा जमाना निराळा, पण तिरपे सूर दोघांनाही प्रिय. तरी खरं सांगतो, ते वादन मला थोडं बिचकलेलं वाटतं. जोडी कागदावर जितकी शोभते तितकी रंगली नाही. याच काळात बायको मेरीने रंग आणून दिले आणि तो चित्रंही काढू लागला. 1967 मध्ये ती गेली. फेब्रुवारी 1969 मध्ये तोही गेला. त्याआधी महिनाभरच राष्ट्राध्यक्ष निक्सनच्या शपथविधीनिमित्तच्या नृत्यसमारंभात वाजवून आला होता.

आता ऐकायचं कसं? ‘इफ आय कुड बी विथ यू’ हे गाणं त्याने 1929 मध्ये सॅक्सोफोनवादक कोलमन हॉकिन्सबरोबर ध्वनिमुद्रित केलं, माउंड सिटी ब्लू ब्लोअर्स या संचात. (त्या संचात एक जण कंगव्यावर कागद धरून वाजवायचा आणि ट्रॉम्बोनवर ग्लेन मिलर होता!) तेच गाणं त्याच हॉकिन्सबरोबर पुन्हा 1961 मध्ये, ‘जॅझ रियुनियन’ या तबकडीवर. दोन्ही लागोपाठ लावा. बत्तीस वर्षांत हॉकिन्सचा आवाज किती बदलला ते लगेच कळतं. रसेलचं मात्र 1929 चं वाजवणंच 1961 साली शोभलं असतं. हेडफोन लावून ऐका, कारण त्याचं पुटपुटणं खोलीतल्या पंख्याच्या आवाजातही हरवतं.