सासूबाई आल्या म्हणून भाषा बदलू नकोस

अगं पोरी,

आपण दोघी मल्याळी, तरी मुद्दाम मराठीत लिहितेय. तुझ्या नवऱ्यानेही हे वाचावं. सासूबाईंनी वाचलं तर उत्तमच.

लेकीला मल्याळम यावं म्हणून ओणमला काय काय करू, असं विचारलंस. ओणमचं सोड. पूक्कळम, म्हणजे फुलांची रांगोळी, तू घालशीलच, मंडईत फुलं हवी तेवढी मिळतात. पण वर्षातून एकदा कसवू साडी नेसून फोटो काढले की भाषा येत नाही. परवा तुमच्याकडे जेवायला आले तेव्हा माझं लक्ष दुसरीकडेच होतं. लेकीशी छान मल्याळममध्ये बोलत होतीस. सासूबाई बाहेर आल्या आणि झटकन मराठीवर आलीस. कुणी सांगितलं नव्हतं, तरी. त्यांना परकं वाटू नये म्हणून आपण सुना हे आपसूक करतो, आणि आपली भाषा घरातून जाते ती बहुतेक वेळा याच भिडेपोटी. लेकीशी मल्याळमच बोल. मग सासूबाईंकडे वळून सांग, 'दूध संपव म्हणतेय.' थोड्या दिवसांत त्यांनाही समजायला लागेल. माझ्या सासूबाई पुढे पुढे नातवाला मल्याळममध्येच दटावायच्या, हेल मात्र अस्सल सदाशिव पेठी!

लेक उत्तर मराठीत देईल. देऊ दे. आधी समजतं, बोलणं मागाहून येतं. टोकलंस तर गप्प बसेल. अम्मम्माच्या, म्हणजे तुझ्या आईच्या, व्हिडिओ कॉलवर 'बोल ना काहीतरी' असंही करू नकोस. त्यापेक्षा फोन ओट्यावर उभा कर आणि पुट्टू, आपला तांदळाच्या पिठाचा वाफवलेला नाश्ता, करायला घे. तांदळाच्या भाजलेल्या पिठावर चिमूट चिमूट पाणी शिंपडायचं काम लेकीला दे. मूठ वळली पाहिजे आणि बोटाने दाबताच भुगा झाला पाहिजे. तिकडून अम्मम्मा 'अजून पाणी, बास' करत राहील. एवढ्यात दहा शब्द कानावर पडतात, ते पाठ करावे लागत नाहीत.

दसऱ्याचा तर योगच आहे. इथे पाटीपूजन, आपल्याकडे केरळात त्याच दिवशी विद्यारंभम, मुलांचं पहिलं अक्षर गिरवणं. ताटात तांदूळ पसरून तिच्या बोटाने 'हरि श्री' गिरवून घे, शेजारी आजीला पाटीवर एक-एकची सरस्वती काढू दे. कुठलं आधी, यावर वाद नको.

लिपीची घाई नाही. ती सहाची झाली की मल्याळम मिशनच्या वर्गाला घाल. केरळ सरकारने २००९ साली सुरू केलेला उपक्रम आहे, पुण्यातही वर्ग भरतात. पहिला टप्पा 'कणिक्कोन्ना', दोन वर्षांचा. नेण्या-आणण्याचं काम नवऱ्याकडे. आणि हो, त्याचे मित्र गमतीत 'मद्रासी' म्हणतात ना, ते लेकीसमोर थांबवायचं कामही त्याचंच. तू बोललीस तर 'हिला गंमत कळत नाही' म्हणतील.

माझ्याकडे पुट्टुकुट्टी, पुट्टू वाफवायचं भांडं, जादाची आहे. रविवारी त्याला पाठव घेऊन जायला.

तुझी,
चेची