अमेरिकेच्या मिडवेस्टमधली छोटी शेतकरी गावं मुळात वसली कशी?

तुमच्या प्रश्नात खरं तर दोन प्रश्न आहेत. विस्कॉन्सिन, आयोवा, इलिनॉय या पट्ट्यात मक्याच्या शेतांमधून गाडी चालवताना हजार-दोन हजार वस्तीची जी गावं लागतात ती वसली कशी, हा एक. आणि सरकारने जमीन फुकट वाटली म्हणून लोक आले, हे खरं का, हा दुसरा. दुसऱ्याचं उत्तर आधी देऊन टाकतो. फुकट जमिनीचा कायदा १८६२ चा. त्याच्या आधी जी गावं वसली त्यांनी जमिनीचे पैसे मोजलेत, एकरी सव्वा डॉलर.

सगळ्या मिडवेस्टला एकच उत्तर लागू पडणार नाही, म्हणून एक गाव घेतो. न्यू ग्लॅरस, ग्रीन काउंटी (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं), विस्कॉन्सिन. स्वित्झर्लंडहून आलेल्या लोकांनी वसवलेलं. मी मॅडिसनला राहतो, तिथून हे चाळीसेक किलोमीटर. भारतातून पाहुणे आले की आम्ही मराठी मंडळी त्यांना हमखास इथे आणतो. लाकडी बाल्कन्या, कुंड्यांतली लाल फुलं, गल्लीच्या तोंडाशी उभी केलेली रंगवलेली गाय. दोन तासांत पाहून होतं, फोटो छान येतात. मीही तेवढंच पाहत आलो होतो. तीन वर्षांपूर्वी अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, घेऊन गेलो आणि गाव उलट्या बाजूने दिसलं.

अण्णा भूमी अभिलेखमध्ये भूकरमापक होते. सातारा जिल्ह्यात उभी नोकरी बांध मोजण्यात गेली. मॅडिसनहून येताना ते गाडीच्या खिडकीतून बाहेर बघत गप्प बसले होते. मग एकदम म्हणाले, "रस्ता इथं काटकोनात का वळला? मधे ना ओढा, ना टेकडी." मी म्हटलं, इथले रस्ते असेच. "असेच नसतात," ते म्हणाले, "ही हद्द आहे."

तर उत्तर इथून सुरू होतं. हे गाव जमिनीवर होण्याच्या आधी कागदावर झालं होतं. १७८५ च्या कायद्याने अमेरिकेने पश्चिमेकडची जमीन विकण्याआधी मोजायची असं ठरवलं. सहा मैल बाय सहा मैलांचा चौकोन म्हणजे टाउनशिप. त्यात एकेक चौरस मैलाचे ३६ सेक्शन, प्रत्येक ६४० एकरांचा. त्यातला सोळावा शाळेच्या खर्चासाठी राखीव. विस्कॉन्सिनची मोजणी सुरू झाली ती अगदी दक्षिणेच्या सीमेवरच्या एका बिंदूपासून. १८३१ मध्ये ल्यूशियस लायन नावाच्या मोजणीदाराने तो रोवला. न्यू ग्लॅरसचा सरकारी पत्ता आजही त्याच बिंदूपासून मोजतात: उत्तरेला चौथी टाउनशिप, पूर्वेला सातवी रांग. स्वित्झर्लंडमधल्या कोणाच्या डोक्यात इकडे यायचा विचारही नव्हता, तेव्हापासून हा पत्ता तयार आहे. आपल्याकडे आधी पांढरी, म्हणजे गावठाण, वसते, मग काळीचे, म्हणजे शेतजमिनीचे, वाद होतात, मग मोजणी येते. इथे सगळं उलटं.

मोजायची साखळी ६६ फुटांची. क्रिकेटची खेळपट्टी बरोबर एवढी असते. ऐंशी साखळ्यांचा मैल. हे सांगितल्यावर अण्णा खूष झाले, कारण त्यांच्याकडे जी शंकू साखळी होती ती ३३ फुटांची, म्हणजे बरोबर अर्धी. तिचे आणे सोळा, आणि ३३ बाय ३३ फुटांचा एक गुंठा. दोन्हीकडे माप इंग्रजांचंच. सेक्शनच्या कोपऱ्यावर दगड नसला तर लाकडी खुंट ठोकायचा, आणि खुंट कुजणारच म्हणून जवळच्या झाडांची साल सोलून तिथे खूण कोरायची. झाड कोणतं, खुंटापासून किती लांब, कुठल्या दिशेला, हे सगळं वहीत. विस्कॉन्सिनच्या या मोजणी-वह्या आता इंटरनेटवर बघायला मिळतात. ओक, ओक, पुन्हा ओक, मग उघडं गवताळ रान, मग ओढा. मधेच जमिनीचा कस: पहिल्या प्रतीची, दुसऱ्या प्रतीची. त्या रात्री अण्णा बारापर्यंत माझ्या लॅपटॉपवर हेच वाचत बसले होते.

आता माणसं. ग्लॅरस हा स्वित्झर्लंडचा एक चिमुकला प्रांत, उंच डोंगरांच्या बेचक्यातली एक दरी. शेतजमीन थोडी, तोंडं फार. बऱ्याच घरांचं पोट कापड विणण्या-छापण्यावर चालायचं. यंत्रं आली, हातमाग बसले, त्यात पिकं गेली. १८४४-४५ मध्ये तिथल्या मंडळींनी स्थलांतर मंडळ काढलं. प्रांताने थोडे पैसे घातले, गावांनी आपल्या सामाईक निधीतून घातले. याला कोणी साहस म्हणतात. मला यात गरिबांची पाठवणी जास्त दिसते. गावावरचा भार हलका व्हावा म्हणून गावानेच वाटखर्च दिला.

मार्च १८४५ मध्ये दोघांना पुढे धाडलं, निक्लाउस ड्यूर्स्ट हा न्यायाधीश आणि फ्रिडोलिन श्ट्राइफ हा लोहार. मला ही जोडी फार आवडते, एक कागद वाचणारा आणि एक माती ओळखणारा. ओहायो, इंडियाना, इलिनॉय, मिझुरी, आयोवा असं फिरून शेवटी जुलैमध्ये त्यांनी लिटल शुगर नदीच्या काठी १२८० एकर घेतले. १२०० शेतीचे, ८० लाकूडफाट्याच्या जंगलाचे. सव्वा डॉलरने हिशेब केला तर १६०० डॉलर.

इथल्या पर्यटन पुस्तिकांत लिहिलेलं असतं की या टेकड्या पाहून त्यांना घर आठवलं. ग्लॅरसच्या डोक्यावरचा ग्लॅरनिश २९०० मीटरच्या वर आहे हो, आपल्या कळसूबाईच्या दुपटीहून थोडा कमी. इथली टेकडी चढायला पंधरा मिनिटं लागतात. लाकूड, दगड, वाहतं पाणी आणि परवडणारा भाव हे चारही एका जागी मिळाले, हे कारण मला जास्त पटतं.

दोघे जागा शोधत होते तोवर मागच्यांना धीर धरवला नाही. १६ एप्रिलला १९३ माणसं, बाया-पोरांसह, निघालीसुद्धा. नदीने र्‍हाइनमार्गे हॉलंड, तिथून जहाज, समुद्रावर ४९ दिवस. माथियास ड्यूर्स्ट नावाच्या एका प्रवाशाने रोजनिशी ठेवली, म्हणून जहाजावरच्या जेवणाचे हाल आपल्याला कळतात. जूनअखेर बाल्टिमोर. मग कालव्यातल्या बोटी आणि आगगाडी करत पिट्सबर्ग, ओहायो नदीने खाली, सेंट लुईस. तिथे सगळं अडलं. पुढे गेलेल्या दोघांचा निरोपच नाही! एका नव्या देशात दीडशेच्या आसपास माणसं नदीकाठी बसलेली, आणि आपण विकत घेतलेली जमीन नेमकी कुठे आहे हे कोणालाच माहीत नाही. शेवटी त्यांच्यातले दोघे शोधायला वर गेले. जमीन सापडली, मग बाकीचे मिसिसिपी नदीने इलिनॉयमधल्या गॅलीना गावाला आले आणि तिथून सुमारे शंभर किलोमीटर पायी. १५ ऑगस्ट १८४५ ला पोचले ते १०८ जण. उरलेल्यांतले काही वाटेत दगावले, काही कामं मिळाली तिथे वाटेतल्या शहरांत राहिले. आपण ज्या दिवशी झेंडावंदन करतो त्या दिवशी यांचा स्थापना दिन, एवढाच योगायोग.

ऑगस्टच्या मध्यावर पोचणं म्हणजे पेरणीच्या दृष्टीने काहीच हाताशी नसणं. तीन महिन्यांत बर्फ. पहिल्यांदा झोपड्या उभ्या केल्या आणि एकेका झोपडीत दोन-तीन कुटुंबांनी हिवाळा काढला. नदीत मासे भरपूर होते, त्यांनी तारलं.

मग वाटप. १२०० एकरांचे २० एकरांचे ६० तुकडे पाडले आणि चिठ्ठ्या टाकल्या. ज्याच्या हाताला जी चिठ्ठी, ती त्याची जमीन. तिथल्या संग्रहालयातल्या जुन्या नकाशावर या अरुंद पट्ट्या दिसतात. अण्णा त्या नकाशापाशी बराच वेळ उभे होते. म्हणाले, "चिठ्ठीनं दिली तेच बरं केलं. नाहीतर पाण्याकडची कोणाला, यावर पहिल्याच वर्षी डोकी फुटली असती." मग हळूच, "पण रस्ता ठेवलाय का प्रत्येकाला?" हा खास महाराष्ट्राच्या मोजणी खात्याचा प्रश्न.

स्वित्झर्लंडमध्ये २० एकर म्हणजे श्रीमंती. इथल्या अमेरिकन शेजाऱ्यांच्या हिशेबात तो परसदारचा तुकडा. साधा शेतकरीसुद्धा ८० किंवा १६० एकर घ्यायचा. हे त्यांना कळायला काही वर्षं गेली, मग ज्याला जमेल तसा तो आजूबाजूला जमीन घेत पांगत गेला. सुरुवातीला मात्र २० एकरसुद्धा आवरत नव्हते. बैल नाहीत, नांगर नाही, आणि गवताच्या मुळ्यांनी विणलेलं रान फावड्या-कुदळीने फोडायचं. यातले कित्येक जण घरी मागावर बसणारे होते, हे विसरू नका.

१८४६ मध्ये ओहायोकडून गुरं हाकत आलेल्या व्यापाऱ्यांकडून त्यांनी गाई घेतल्या, साधारण घरटी एक. गाय दिसल्यावर या लोकांना हायसं वाटलं असणार, कारण नांगर नवा असला तरी धार काढणं ओळखीचं होतं. पण चीजचं गाव म्हणून मिरवणाऱ्या या गावाने पहिली वीसेक वर्षं गव्हावर काढली. सगळा विस्कॉन्सिनच तेव्हा गव्हाच्या मागे होता. वर्षानुवर्षं तेच पीक घेऊन जमीन थकली, चिंच बग नावाच्या किडीने (आपल्या चिंचेशी तिचा संबंध नाही) उभी शेतं खाल्ली, पश्चिमेकडे आणखी स्वस्त गहू पिकायला लागला. तेव्हा कुठे गाई पुढे आल्या. १८६८ मध्ये निकोलस गर्बर याने न्यू ग्लॅरसजवळ लिंबर्गर या उग्र वासाच्या चीजचा कारखाना काढला, काउंटीतला पहिला. कारखाना म्हणजे डोळ्यांपुढे धुराडं आणू नका. एक खोली, एक तांब्याची कढई आणि आसपासच्या घरांनी आणून ओतलेलं दूध. आपल्या गावच्या डेअरीची धाकटी बहीण. घोडागाडीने दूध नासायच्या आत जेवढं अंतर जाता येईल तेवढ्यावर दुसरी अशी खोली, म्हणून पुढे काउंटीभर त्या शेकड्याने झाल्या.

१८८७ मध्ये आगगाडी आली. १९०१ मध्ये गावाला स्वतंत्र ग्रामपंचायतीसारखा दर्जा मिळाला, म्हणजे वसल्यानंतर ५६ वर्षांनी. १९१० च्या सुमारास दूध आटवण्याचा मोठा कारखाना आला, तो १९६२ मध्ये बंद पडला. मघाच्या त्या लाकडी बाल्कन्या बहुतेक त्यानंतरच्या. रोजगार गेल्यावर गावाने ठरवून स्विस चेहरा लावून घेतला. एक-दोन जुनी शॅले, म्हणजे स्विस धाटणीची लाकडी घरं, आहेत, विल्हेल्म टेलचं नाटकही १९३८ पासून होतंय, पण रस्ताभर दिसणारं स्वित्झर्लंड १८४५ चं नाही. जे पहिल्यांदा आले त्यांची घरं ओंडक्यांची होती.

एक गोष्ट राहिली, आणि ती अण्णांनीच काढली. जेवताना त्यांनी विचारलं, "सव्वा डॉलरनं सरकारनं विकली. सरकारच्या नावावर कशी चढली? पहिला फेरफार कोणता?" इथे जमिनीच्या मालकीची साखळी मागे मागे नेली की शेवटचा कागद लागतो तो अमेरिकन सरकारच्या पट्ट्याचा. त्याच्या मागे काउंटीच्या दप्तरात काही नाही. त्याच्या मागे हो-चंक लोक होते, इथले मूळ रहिवासी. १८२९, १८३२ आणि १८३७ अशा तीन करारांत त्यांच्याकडून विस्कॉन्सिनमधली जमीन लिहून घेतली आणि त्यांना मिसिसिपीपलीकडे हाकललं. त्यांच्यातले बरेच पायी परत आले, पुन्हा हाकलले गेले, पुन्हा आले. आजही ते या राज्यात आहेत. शेवटचा करार आणि ग्लॅरसकरांची खरेदी यांत फक्त आठ वर्षांचं अंतर आहे. "म्हणजे सातबारा कोरा होता म्हणून विकली असं नाही," अण्णा म्हणाले, "आधी कोरा केला."

तुम्ही जाणार असाल तर मुख्य रस्त्यावरचे फोटो उरकून टेकडीवरच्या संग्रहालयात जा, ओंडक्यांची घरं तिथे आहेत. जुन्या स्टेशनातून शुगर रिव्हर ट्रेल निघते. रूळ काढून त्या जागी सायकलचा मार्ग केलाय, साधारण ३८ किलोमीटर. निदान पहिले तीन-चार तरी चाला, शेतांच्या कडा सरळ रेषेत कशा पळतात ते पायी गेल्यावरच कळतं. लिंबर्गर घेणार असाल तर दोन पिशव्यांत बांधून डिकीत ठेवा. आम्ही मागच्या सीटवर ठेवला होता. अण्णांनी मॅडिसनपर्यंत काच खाली ठेवली, ऑक्टोबरात, आणि घरी आल्यावर म्हणाले, सुकट परवडली.