बाबांचं लायसन्स

“मॅडम, पॉर्न साइटनं आधी वय तपासायचं, असा इथे तर कायदा झालाय ना? मग हे माझ्या मुलापर्यंत पोचलंच कसं?” टेक्ससमधले मराठी पालक मला हा प्रश्न वरचेवर विचारतात. ही आई डॅलसजवळ राहते. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) १३ वर्षांच्या मुलाच्या फोनमध्ये तिला नवऱ्याच्या ड्रायव्हिंग लायसन्सचा फोटो सापडला. ओट्यावर ठेवून घाईघाईत काढलेला, कोपऱ्यात मिसळणाच्या डब्याची कड दिसत होती.

पॉर्न साइटनं वयाचा पुरावा मागितला, म्हणून त्यानं बाबांच्या पाकिटातून लायसन्स काढलं. पुढे चेहऱ्याचा सेल्फी मागितल्यावर घाबरून फोन बंद केला.

म्हणजे कायद्यानं आपलं काम केलं होतं. टेक्ससचा हा कायदा २०२३चा. २७ जून २०२५ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं तो ६ विरुद्ध ३ मतांनी उचलून धरला. मला स्वतःला तो हवाच आहे. पण ज्या साइटवर एक-तृतीयांशाहून जास्त मजकूर मुलांना घातक अशा लैंगिक स्वरूपाचा असतो, तिलाच तो लागू होतो. या मुलाला पहिली क्लिप शाळेतल्या मित्रांच्या ग्रुपवर आली होती. तिथे कोण वय विचारणार?

आईला बाहेर बसवून मी त्याच्याशी बोलले. बराच वेळ तो हूडीची नाडी बोटाला गुंडाळत राहिला. मग अगदी हळू म्हणाला, “बाबांचा व्हिसा जाईल का?”

तीन आठवडे हे पोर दारावरची बेल वाजली की वरच्या खोलीत पळत होतं. पोलीस बाबांना न्यायला आले, असं वाटून. आईला ते वयाचं खूळ वाटलं होतं.

मी त्याला नीट समजावलं. या कायद्यात दंड होतो तो साइट चालवणाऱ्या कंपनीला. मुलाला नाही, बाबांनाही नाही. वय तपासल्यावर ओळखपत्राची माहिती साठवायलाही कंपनीला मनाई आहे. तरी साइट कितपत खरी होती कोण जाणे, म्हणून वडिलांना क्रेडिट फ्रीझ करायला, म्हणजे त्यांच्या नावावर दुसऱ्या कुणाला कर्ज काढता येऊ नये अशी सोय करायला सांगितलं. ते फुकट होतं.

पालकांनो, अशा वेळी फोन काढून घेण्याआधी “काय पाहिलंस?” असं दरडावू नका. “कशाची भीती वाटतेय?” हे विचारा. त्याच्या वडिलांना मी एवढंच म्हटलं, की व्हिसाचं तुम्ही स्वतः त्याला सांगा, बाकीचं नंतर.

ते त्यांनी दूध आणायला जाताना गाडीत सांगितलं. मुलगा थोडा वेळ गप्प होता. मग त्यानं विचारलं, “बाबा, त्या क्लिपमधली बाई खरंच रडत होती का?”

वडिलांनी दुकानाच्या पार्किंगमध्ये गाडी लावली. पाऊण तासानं दोघं घरी आले, तेव्हा दूध आणायचं राहूनच गेलं होतं.